रिकामी खोबण

दिवाळी सरली की आमच्या मामांच्या गावाला, एकोडीला, मंडईचे वेध लागतात. साकोली तालुक्यातलं हे धानाचं गाव. भंडारा-गोंदियाकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे आणि दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि घरोघरी लेकी-जावयांची, सोयऱ्यांची गर्दी. बांध्यांमधलं धान कापून झालेलं असतं, खळ्यावर पुंजणे रचलेले असतात, अंगणात तणसाचा गोडसर वास भरून असतो. अशा भरल्या घरात मामा नेहमी ओसरीच्या एका टोकाला, डावा खांदा भिंतीला लावून बसायचे. लहानपणी मला वाटायचं, ती घरातल्या कर्त्या माणसाची जागा असणार. तिथे बसलं की त्यांची डावी बाजू कुणाला दिसत नसे, एवढंच त्याचं कारण होतं. ते मला कळलं तेव्हा मी स्वतः दोन मुलांची आई झाले होते.

१९७१ सालच्या मार्गशीर्षात खळ्यावर चुरणं चालू होतं. बैलांच्या पायांखाली धान तुडवलं जात होतं, भुसा उडत होता, आणि दहा वर्षांच्या मामांच्या डाव्या डोळ्यात धानाचं कुसळ गेलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण सगळेच वापरतो. तिच्यात कुसळ म्हणजे अगदी क्षुल्लक गोष्ट. धानाच्या मुलखात कुसळाला क्षुल्लक म्हणता येत नाही. बुबुळावरची पारदर्शक काच मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते. कुसळाचा, पातीचा किंवा काडीचा ओरखडा तिच्यावर उठला की पिकावरची बुरशी त्या ओरखड्यात उतरते आणि तिथेच रुजते. आजीनं पदराच्या टोकानं कुसळ काढायचा प्रयत्न केला. मग शेजारच्या बाळंतिणीचं दूध डोळ्यात घातलं. मग कुणीतरी लाली उतरवणारे थेंब आणून दिले. अशा थेंबांत स्टेरॉइड असेल तर लाली उतरते खरी, पण शरीराचा प्रतिकारही उतरतो आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. आठवड्यात बुबुळावर पांढरं फूल पडलं. पंधरवड्यात डोळा पुवानं भरला. मग बैलगाडी, मग मोटार, आणि शहरातल्या एका दवाखान्यात तो डोळा काढला गेला.

पट्टी सुटली, जखम भरली होती. पोराचा जीव वाचला हे समाधान घेऊन आजोबा मामांना परत एकोडीला घेऊन आले आणि उपचार संपले.

उपचार संपले, या दोन शब्दांशीच माझं भांडण आहे. डोळा गेल्यावर मागे उरते ती खोबण. ती जिवंत असते. तिच्यात रक्त वाहतं, ओल असते, स्नायू ओढ घेत असतात. ती रिकामी सोडली तर गप्प बसत नाही, आकसू लागते. ज्या दिवशी आमच्या घरानं उपचार संपले असं मानलं, त्या दिवसापासून मामांच्या चेहऱ्यावर एक वेगळीच इजा सुरू झाली आणि ती पंचेचाळीस वर्षं चालू राहिली.

खोबण म्हणजे साधा खड्डा नाही. सात हाडं एकमेकांत बसून ती तयार होते. कडेचं हाड जाड, दणकट, आणि आतल्या भिंती मात्र कागदासारख्या पातळ. नाकाकडच्या भिंतीला तर वैद्यकात कागदी पत्राच म्हणतात. या खोबणीत साधारण तीस मिलिलिटर ऐवज मावतो. त्यातला डोळ्याचा गोळा चोवीस मिलिमीटर व्यासाचा, रानआवळ्याएवढा, म्हणजे सात मिलिलिटरच्या आसपास. बाकी सगळी चरबी, स्नायू, नसा आणि डोळ्यामागची मोठी शीर. सहा स्नायू त्या गोळ्याला धरून फिरवत असतात. गोळा काढला की सात मिलिलिटरची पोकळी पडते. चरबी खाली सरकते, वरच्या पापणीमागे खळी पडते, पापणी झुकते, आणि खालची पापणी आधार नसल्यामुळे सैल पडून लोंबू लागते.

डोळा काढायच्या दोन रीती आहेत. एकीत स्नायू सोडवून, मागची शीर कापून अख्खा गोळा बाहेर काढतात. दुसरीत डोळ्याचं पांढरं कवच जागीच ठेवून आतला ऐवज तेवढा खरवडून काढतात. कवच राहिलं की स्नायूही त्याला जोडलेले राहतात. १८८४ साली मँचेस्टरच्या फिलिप हेन्री म्यूल्स नावाच्या डॉक्टरनं या उरलेल्या कवचात काचेचा पोकळ गोळा बसवून ते शिवून टाकलं. गेलेल्या ऐवजाची भरपाई करायची ही कल्पना तिथून रुळली. पुढे काचेच्या जागी अ‍ॅक्रिलिक आलं, सिलिकॉन आलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस समुद्री पोवळ्यापासून तयार केलेले सच्छिद्र गोळे आले. त्यांच्या छिद्रांमधून शरीरातल्या रक्तवाहिन्या वाढतात आणि गोळा अंगात रुजतो. गरिबाला परवडणारा साधा अ‍ॅक्रिलिकचा गोळाही वर्षानुवर्षं उत्तम काम देतो. कोणता गोळा घातला हा प्रश्न नंतरचा आहे. आधीचा प्रश्न काही घातलं की नाही हा.

हा गोळा आत पुरलेला असतो, दिसत नाही. त्याच्यावरून गुलाबी, ओलसर आतलं अस्तर शिवून घेतात आणि त्यावर पापण्यांच्या आड एक पारदर्शक प्लास्टिकची शिंपली बसवतात. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठाला सापडणाऱ्या शिंपीसारखीच ती दिसते. पाणी निचरावं म्हणून तिला बारीक भोक असतं. एवढीशी ती शिंपली, पण माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणात तिच्याएवढी मोलाची दुसरी वस्तू नाही. वरच्या आणि खालच्या पापणीच्या आत अस्तराचे दोन खिसे असतात. पुढे नकली डोळा अडकून राहतो तो याच खिशांत. शिंपली त्यांना उघडं धरून ठेवते. सहा-आठ आठवड्यांनी सूज पूर्ण उतरली की शिंपली काढून तिच्या जागी डोळा बसवता येतो. शिंपली घातलीच नाही, किंवा पडली आणि कुणी परत बसवली नाही, तर खिसे आखडू लागतात. खालचा खिसा आधी जातो. ओलं चामडं उन्हात टाकल्यावर जसं आकसून ताठरतं, तसं हे अस्तर आकसतं.

मूल असेल तर आणखी एक गोष्ट घडते, आणि ती पालकांना कुणी सांगत नाही. वाढत्या वयात खोबणीचं हाड आतल्या भारानं वाढतं. डोळा आतून ढकलत असतो म्हणून हाड बाहेर सरकत जातं. खोबणीची बरीचशी वाढ पाचव्या-सातव्या वर्षापर्यंत होऊन जाते. तान्ह्या किंवा शाळेत न गेलेल्या मुलाची खोबण रिकामी राहिली तर त्या बाजूचा चेहरा लहान राहतो, भुवई खाली येते, गाल बसतो. मामा दहा वर्षांचे होते, त्यांचं हाड बरंचसं वाढलेलं होतं. तरीही त्यांची डावी बाजू उजवीपेक्षा बारीकच राहिली.

सतराव्या वर्षी त्यांनी नागपुराहून एक तयार डोळा आणला. डबीत मांडलेल्या डोळ्यांपैकी त्यातल्या त्यात जुळणारा. तो काही वर्षं बसला, मग खालचा खिसा उथळ होत गेला तसा सारखा निसटू लागला. एका पावसाळ्यात रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांची जुडी उचलायला मामा वाकले आणि डोळा बांधीच्या चिखलात पडला. रोवणाऱ्या बाया रांगेनं उभ्या होत्या. कुणी काही बोललं नाही. सगळ्या जणी खाली वाकल्या आणि हातानं चिखल चाचपू लागल्या. पाऊण तासानं एका म्हातारीला तो सापडला. तिनं तो पाण्यात खळबळून, पदरानं पुसून, पालथ्या मुठीत झाकून मामांच्या हातात दिला, म्हणजे दुसऱ्या कुणाला दिसू नये. मामी हे सांगताना आजही थांबते. त्या दिवसानंतर मामांनी तो डोळा कधी घातला नाही. काळा गॉगल आला, आणि ओसरीचं ते टोक.

२०१६ साली माझ्या मामेबहिणीचं लग्न झालं. लग्नाचा अल्बम चाळताना तिच्या लक्षात आलं की बाबा एकाही फोटोत समोरून नाहीत. कन्यादानाच्या फोटोतही त्यांनी मान वळवलेली. तिनं हट्ट धरला. झाडीबोलीत ळ नसतो, डोळ्याला डोराच म्हणतात. मामा म्हणाले, ‘आता मले डोरा काहाले पायजे? पाह्याचा त नाही त्यातून.’ ती म्हणाली, ‘तुम्हाले नसन पायजे बाबा, मले पायजे.’

साकोलीहून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर, अशी शंभरेक किलोमीटरची वाट. मी सोबत होते. डोळ्याच्या खोबणीचं आणि पापण्यांचं काम करणाऱ्या सर्जन बाईंनी मामांना समोर बसवलं. आम्हाला वाटलं, आता गॉगल काढायला लावतील आणि डावी बाजू बघतील. त्यांनी आधी उजवा डोळा तपासला. नीट, वीस मिनिटं. मग विचारलं, ‘या डोळ्याला चष्मा कुठाय?’

मामांना चाळिशीशिवाय चष्मा नव्हता. नंबरच नव्हता, तर चष्मा कशाला? बाई म्हणाल्या, ‘काका, तुम्ही एकच डोळा घेऊन पंचेचाळीस वर्षं शेती केलीत. थ्रेशरसमोर उभे राहिलात, बांबू फोडलात. हा डोळा वाचला हे तुमचं नशीब. आजपासून झोपताना सोडून चष्मा काढायचा नाही.’ नंबर नसला तरी न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा त्यांनी त्याच दिवशी लिहून दिला. ज्यांच्या घरात एकच डोळा असलेलं माणूस आहे, मूल आहे, त्यांनी या लेखातलं दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, एवढं ठेवावं.

उरलेल्या डोळ्याला धोका फक्त बाहेरून नसतो. फुटलेला डोळा तसाच राहिला तर क्वचित शरीराचं संरक्षणच बिथरतं आणि चांगल्या डोळ्यावर उलटतं. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना, १८१२ साली, वडिलांच्या खोगिराच्या कारखान्यात आरी लागून त्याचा एक डोळा गेला. पाचव्या वर्षापर्यंत दुसराही गेला. तो याच विकारानं गेला असं डॉक्टर मानतात. म्हणून पार चिंधड्या झालेला, दिसण्याची काहीच आशा न उरलेला डोळा साधारण दोन आठवड्यांच्या आत काढावा, असा जुना दंडक आहे. आज औषधं सुधारली आहेत आणि शक्य तितका डोळा शिवून वाचवण्याकडेच कल असतो. मात्र हा निर्णय डोळ्याच्या डॉक्टरनं आणि वेळेत घ्यायचा असतो. त्यासाठी रुग्ण वेळेत पोहोचला पाहिजे. डोळा फुटला असं वाटलं तर चोळायचा नाही, दाबायचा नाही. आत काही रुतलं असेल तर उपसायचं नाही. त्यावर कागदी कपाचा बुडखा उपडा ठेवून कडेनं चिकटपट्टी लावायची आणि निघायचं. चुना, अ‍ॅसिड किंवा कार्बाइड गेलं असेल तर मात्र आधी भरपूर स्वच्छ पाण्यानं धूत राहायचं. आपल्याकडे विटीदांडूची विटी, कंपास, धनुष्यबाणाची काडी, हातोड्याखालून उडालेली लोखंडाची कपची, वाकून बघताना तोंडावर फुटलेलं फटाक्याचं झाड, अशी डोळे जाण्याची कारणं घरातलीच असतात. २०२५च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात कार्बाइडच्या नळकांडी बंदुकांनी किती लेकरांचे डोळे भाजले, ते सगळ्यांनी वाचलं आहे.

मामांच्या डाव्या बाजूला दोन गोष्टी हव्या होत्या, भराव आणि अस्तर. इतक्या वर्षांच्या आखडलेल्या खोबणीत गोळा घातला तर वरचं अस्तर ताणून तो बाहेर पडण्याची भीती. म्हणून बाईंनी मामांच्या स्वतःच्याच शरीरातला भराव घेतला. कुल्ल्याच्या वरच्या भागातून, बसताना दाब पडत नाही अशा जागेवरून, त्वचेचा वरचा पापुद्रा खरवडून त्याखालची जाड त्वचा आणि तिला चिकटलेली चरबी असा एक डट्टाच काढला. तो खोबणीत ठेवून डोळ्याचे उरलेसुरले स्नायू त्याच्या कडांना शिवले. १९७८ साली बायरन स्मिथ आणि पेट्रेली या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. मोठ्यांत यातली काही चरबी विरघळते, म्हणून थोडा जास्तच डट्टा घ्यावा लागतो. लहान मुलांत उलट तो मुलाबरोबर वाढू शकतो.

अस्तर तोंडातून घेतलं. खालच्या ओठाच्या आतली नाजूक, ओली त्वचा. डोळ्याचं अस्तर आणि ओठाचं अस्तर यांची जात जवळची, दोन्ही ओलसर, केस नसलेली. ती पातळ पट्टी खालच्या खिशाच्या जागी शिवली. खिसा पुन्हा मिटू नये म्हणून त्याच्या तळातून टाके घेऊन ते खालच्या पापणीवर, गालाच्या वर, रबरी नळीच्या दोन तुकड्यांवर बांधले. वर शिंपली बसवली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी जी बसायला हवी होती ती. कुल्ल्यावर टाके, ओठात टाके, डोळ्यावर पट्टी. मामा दहा दिवस गार पेज पीत होते आणि एकदाही कुरकुरले नाहीत. तिसऱ्या दिवशी तोंड सुजलेलं असताना त्यांनी मामीला हातानं खुणावून विचारलं, चुरणं झालं का?

पुढे काही महिन्यांनी खालची सैल पापणी कानाकडच्या कोपऱ्यात आखडून घेण्याची आणखी एक छोटी शस्त्रक्रिया झाली. आणि मग डोळा.

डोळा घडवायला आम्हाला ज्या विभागात पाठवलं त्याच्या भिंतीवर दातांची चित्रं होती. मला वाटलं, आपण चुकीच्या मजल्यावर आलो. पण जागा बरोबर होती. आपल्याकडे माणसाच्या मापाचा डोळा घडवणारे कारागीर मोजके आहेत, आणि त्यातले पुष्कळ दंत महाविद्यालयांच्या कवळ्या करणाऱ्या विभागांत भेटतात. नागपूर काय, वर्ध्याजवळचं सावंगी मेघे काय, तिथल्या दंतवैद्यांनी असे डोळे घडवल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

हे नातं नंतर मी खोदून पाहिलं आणि थक्क झाले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगातले चांगले नकली डोळे जर्मनीत, थुरिंगिया प्रांतातल्या लाउशा या काच फुंकणाऱ्यांच्या गावात बनत. युद्धानं ती आवक तोडली आणि अमेरिकेत जखमी सैनिकांना डोळे मिळेनात. तेव्हा सैन्यातल्या दंतवैद्यांनी कवळीचं अ‍ॅक्रिलिक घेऊन डोळे बनवायला घेतले. १९४४च्या सुमारास स्टॅनली अर्फ आणि त्यांच्या जोडीच्या काहींनी ती रीत बसवली, आणि तीच आज जगभर चालते. त्याच घराण्यातल्या अ‍ॅक्रिलिकच्या विमानाच्या काचांचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही बाधत नाहीत, हे पाहून लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवायचं पहिलं भिंग केलं. एकोडीच्या प्रत्येक गल्लीत ज्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या डोळ्यांत भिंग बसलं आहे, त्या भिंगाची आणि मामांच्या डोळ्याची कुळकथा अशी एक आहे.

त्याच्याही मागे जायचं तर चार्ल्स स्टेंट. १८५०च्या दशकात या इंग्रज दंतवैद्यानं दातांचा साचा घ्यायचं एक मिश्रण काढलं. पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या सैनिकांवर काम करणाऱ्या योहानेस एसर या डच सर्जननं ते मिश्रण वेगळ्याच कामाला लावलं. जखमेच्या आकाराचा साचा, त्याभोवती त्वचेचं पातळ कलम गुंडाळायचं आणि साचा जखमेत दाबून बसवायचा. त्वचा आतून धरते, मग साचा काढून घ्यायचा. आखडलेल्या खोबणीला पुन्हा खिसा देण्याची कामं याच कल्पनेवर चालली. आधार देऊन जागा उघडी ठेवणाऱ्या वस्तूला पुढे स्टेंटचंच नाव पडलं. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात तो स्टेंट, ज्याचं नाव आज खेड्यातल्या पारावरही ऐकू येतं, तो या दंतवैद्याचा.

मामांना खिडकीजवळ बसवलं. दिवसाचा उजेड हवा असतो, ट्यूबलाइटमध्ये रंग फसतात. दातांचं माप घेतात त्याच गुलाबी भुकटीची लापशी पिचकारीनं खोबणीत सोडली. मामांनी समोर भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहत राहायचं. दोन मिनिटांत ती रबरासारखी घट्ट झाली. ती बाहेर काढली तेव्हा मामांच्या खोबणीची आतली बाजू आम्ही पहिल्यांदाच बघितली, तिचे उंचवटे, तिचा तिरकसपणा, नवा खालचा खिसा. तयार डोळा या आकारावर नुसता टेकतो. मापाचा डोळा त्यात बसतो, आणि आतला भराव स्नायूंनी हलला की थोडाफार त्याच्याबरोबर हलतो.

मग मेण. मेणाचा डोळा घालून पापणी किती उघडते, बाजूनं किती फुगीर दिसते, हे पाहत कारागीर मुलगा तो खरवडत होता, पुन्हा घालत होता, पुन्हा खरवडत होता. बुबुळ कुठे यावं हे त्यानं नाकाच्या मध्यापासून उजव्या बुबुळापर्यंत मोजून ठरवलं. दुसऱ्या दिवशी रंग. बोटाच्या नखाएवढी काळी चकती, आणि तिच्यावर अगदी बारीक कुंचल्यानं आधी गडद तपकिरी, मग बाहुलीभोवती थोडा फिका, गुळाच्या पाकासारखा कडा, मग बाहेरचा धूसर काठ. दर चार-पाच रेषांनी तो मान वर करून मामांच्या उजव्या डोळ्याकडे बघायचा. आयुष्यात मामांच्या डोळ्याकडे इतकं निरखून कुणी बघितलं नसेल. पांढऱ्या भागासाठी त्यानं सात-आठ छटांच्या पट्ट्या धरून पाहिल्या. उन्हातान्हात राबणाऱ्याच्या डोळ्याचं पांढरं कधी पांढरंशुभ्र नसतं. त्यात पिवळसर झाक असते, कोपऱ्याकडे लालसर होत जाते. शिरांसाठी त्यानं लाल धागा उसवला, त्याचे केसाहून बारीक तंतू चिमट्यानं उचलून एकेक करून नागमोडी चिकटवले. त्यावर पारदर्शक थर. कवळी शिजवतात त्याच धातूच्या डबीत, त्याच गरम पाण्यात हा डोळा शिजला.

घालून आरसा दिला तेव्हा मामांनी तो घेतला नाही. आधी मामीकडे वळले, सरळ समोरून, आणि थांबले.

सगळ्यांचं इतकं साधत नाही, हेही सांगायला हवं. २०२१च्या उन्हाळ्यात कोविडपाठोपाठ काळी बुरशी आली तेव्हा देशभरात पंचेचाळीस हजारांहून जास्त माणसांना तिनं गाठलं. महाराष्ट्र त्यात सर्वांत पुढच्या राज्यांपैकी होता आणि विदर्भातल्या रुग्णांचा लोंढा नागपूरकडे लागला होता. त्यात कित्येकांचा नुसता डोळा नव्हे, पापण्या, चरबी, स्नायू, वरचा जबडा असं सगळं काढावं लागलं. तिथे खिसे उरत नाहीत, पापणी उरत नाही. कानशिलाचा स्नायू किंवा कपाळाची त्वचा वळवून खोबण झाकावी लागते आणि वर पापण्यांसकट सिलिकॉनचा नकली भाग बसवतात. तो चष्म्याच्या दांडीला जोडतात, किंवा हाडात टायटॅनियमचे खिळे रुजवून लोहचुंबकानं धरतात. टायटॅनियम हाडात रुजतं हे स्वीडनच्या ब्रॉनमार्क यांनी दाखवलं, आणि १९६५ साली त्याचा पहिला उपयोग केला तो दात बसवायलाच. कपाळाची त्वचा वळवण्याची रीत मात्र आपल्या मातीतली. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला पुण्याजवळ एका वीटकाम करणाऱ्या जातीच्या वैद्यानं कपाळाच्या त्वचेचं नवं नाक करून दिलं. ऑक्टोबर १७९४च्या लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकिगत छापून आली आणि युरोपातले सर्जन ती वाचून शिकले. त्या वैद्याचं नाव छापणाऱ्यांनी नोंदवलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आमच्याकडे डोळा जाण्याचं आणखी एक कारण असतं, अस्वल. साकोलीच्या उत्तरेला नागझिऱ्याचं जंगल. मोह वेचायच्या दिवसांत पहाटे वाकून फुलं वेचणाऱ्या माणसाची आणि मोहाला आलेल्या अस्वलाची गाठ पडते. अस्वल तोंडावरच येतं. अशा जखमेत खोबणीच्या कडा तुटतात, कागदी भिंती चुरतात, पापण्या लोंबतात. आधी हाडं जुळवून पट्ट्या बसवाव्या लागतात, तुटलेल्या तळाला जाळी द्यावी लागते, मग पापण्या. डोळ्याची पाळी सर्वांत शेवटी. वर्ष-दीड वर्ष चालणारं काम. रोजंदारी बुडवून दर महिन्याला नागपूरला जायचं, हे मोह वेचणाऱ्या घराला कसं झेपणार?

आणि सरकारदरबारी एक डोळा जाणं म्हणजे किती? अपंगत्वाचं प्रमाणपत्र देण्याच्या नियमांत एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्के दृष्टिदोष धरतात. सवलती आणि राखीव जागा सुरू होतात ४० टक्क्यांपासून. दृष्टीच्या गणितानं ते बरोबरही असेल. पण तो आकडा चेहऱ्याचा हिशोब धरत नाही. खोलीचा अंदाज जाणं, पेल्याच्या बाजूला पाणी ओतलं जाणं, डावीकडून येणारी सायकल न दिसणं, याची माणसाला वर्षभरात सवय होते. लोकांच्या नजरेची होत नाही. मुलीचा डोळा गेला की पहिलं वाक्य तिच्या लग्नाबद्दल निघतं, आणि खोबणीचं काम ‘लग्नाच्या वेळी बघू’ म्हणून पुढे ढकललं जातं. तोवर खिसे आखडलेले असतात. हे दिसण्याचं काम आहे, गरजेचं नाही, असं म्हणणाऱ्यांना मी ओसरीचं ते टोक दाखवीन. खर्चाची अडचण असेल तर दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. या शस्त्रक्रिया सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत कशा बसतात हे त्याला विचारावं, दोनदा विचारावं, आणि डोळा काढायच्या आधीच सर्जनला विचारावं की आत काय भरणार आणि शिंपली बसवणार ना.

मामा आता चौसष्ट वर्षांचे आहेत. नकली डोळ्याला दरवर्षी पॉलिश लागतं. त्यावर अश्रूंचे क्षार साचतात, बारीक चरे पडतात आणि ते अस्तराला टोचतात. म्हणून मंडई आटोपली की मामा नागपूरला जातात. गेल्या वेळी मीही गेले. तो कारागीर मुलगा आता विभागात जुना झाला आहे. त्यानं डोळा काढून घेतला, कवळ्यांच्या चाकावर घासला, धुतला, परत बसवला आणि मागे सरकून बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘काका, आता जुळत नाहीये.’

उजव्या बुबुळाभोवती वयाचं राखाडी वलय आलं होतं. बहुतेक म्हाताऱ्यांना येतं तसं. डावा डोळा मात्र अजून पंचावन्न वर्षांचाच होता.

त्यानं वरचा थर उतरवला, रंगांची पेटी उघडली आणि खिडकीजवळ बसून बुबुळाच्या काठाला राखाडी कडं काढलं. एकदा काढून पुसलं, जास्त झालं होतं. पुन्हा काढलं. संध्याकाळी डोळा बसवल्यावर मामांनी या वेळी स्वतःहून आरसा मागितला. दोन्ही डोळे त्यांनी आलटून पालटून बघितले.

‘हा बी म्हातारा झाला,’ ते म्हणाले, आणि चष्मा चढवून बसस्थानकाकडे चालू लागले.